पावसाला जाऊन येतो

सासूबाईंना फोनवर सांगितलं, "आई, पुढच्या आठवड्यात आम्ही पाच दिवस इथे नाही. गाडीने सलालाला चाललोय."

"कशाला?"

"पाऊस बघायला."

पलीकडून नुसताच धो-धो आवाज येत राहिला. मला वाटलं रेंज गेली. मग लक्षात आलं, तो पाऊसच होता. देवरुखला ओटीवर बसून त्या बोलत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "किती लांब आहे?"

"बाराशे किलोमीटर."

"जाऊन-येऊन?"

"नाही, नुसतं जायला."

"बरं. इथे माजघरात दोन ठिकाणी गळतंय. तेही कुणीतरी बघायला हवं होतं."

हा टोमणा होता की माहिती, हे लग्नाला अकरा वर्षं होऊनही मला ओळखता येत नाही. पण मुद्दा बिनतोड होता. नवरा देवरुखचा, मी चिपळूणची. दोघांच्याही बालपणातले दरवर्षीचे चार महिने ओल्या दप्तरात आणि दमट गणवेशात गेलेले. मोजे इस्त्रीने वाळवून शाळेत जाणारी मी मुलगी. पावसाचं कौतुक पहिला आठवडा, पुढे दसऱ्यापर्यंत 'जातोय कधी एकदाचा'. आणि आता तोच पाऊस बघायला आम्ही दुबईहून ओमानच्या पार खालच्या टोकाला निघालो होतो, राहण्याचे पैसे आगाऊ भरून.

पण दुबईतला ऑगस्ट ज्याने काढलाय तो हसणार नाही. इथे ऑगस्टमध्ये नळ दोन असतात, पाणी दोन्हींतून गरमच येतं. थंड पाणी हवं असेल तर गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं वापरायचं. शाळांना सुट्टी, मुलं घरात, बिल्डिंग ओस, कारण ज्याला जमतं तो गावी जातो. आम्हीही जाणार होतो. चार तिकिटांची बेरीज बघून नवऱ्याने लॅपटॉप हळूच मिटला आणि म्हणाला, "सलाला."

सलाला ओमानच्या धोफार प्रांतात, येमेनकडच्या बाजूला. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे 'खरीफ' असतो. खरीफ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भातलावणी आणि पीकविमा उभा राहिला, पण अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. सगळं अरबस्तान भाजून निघत असताना तेवढ्या एका पट्ट्यात भुरभुर पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात आणि सौदी, कुवेत, अमिरातीतली माणसं गाड्या भरभरून तिकडे धावतात. वारे तेच, नैऋत्य मोसमी, जे पुढे कोकणात येऊन आमची कौलं उडवतात. 'मान्सून' हा शब्दही मूळचा अरबी 'मौसिम'. नाव त्यांनी ठेवलं, पाऊस आम्हाला दिला. आता त्यातला थोडा आम्ही वाटेतच गाठून बघणार होतो.

नवरा सिव्हिल इंजिनियर असल्यामुळे प्रवासाआधी एक्सेल शीट झालं. पहाटे ३.०० प्रस्थान. ५.०० सीमा. थांबे सहा, प्रत्येकी ८ मिनिटं. संध्याकाळी ५.३० सलाला. शीटमध्ये पेट्रोलला रकाना होता, टायरच्या हवेला रकाना होता, मुलांना नव्हता.

माझं नियोजन वेगळ्या शाळेचं. तिखटमिठाच्या साठ पुऱ्या, चिवडा, शंकरपाळे, लसणाची चटणी, भात शिजवायचा कुकर, दोन रेनकोट आणि चार छत्र्या. दुबईत छत्री शोधणं म्हणजे देवरुखात स्की शोधण्यासारखं. तीन मॉल पालथे घातल्यावर एका दुकानाच्या तळाच्या फळीवर सापडल्या. त्याशिवाय एक छोटी गॅसची शेगडी, एक किलो बेसन, दोन किलो कांदे. का, ते पुढे येईल.

निघायला पाच चाळीस झाले. त्यातली चाळीस मिनिटं धाकट्याच्या प्लास्टिकच्या डायनोसॉरने घेतली. तो शेवटी सापडला फ्रीजमध्ये. "त्याला गरम होत होतं," धाकटा म्हणाला. चार वर्षांच्या मुलाने केलेला हा युक्तिवाद दुबईत राहून खोडता येत नाही.

सीमेवर अधिकाऱ्याने गाडीची मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड, आणि ओमानच्या विम्याचं ऑरेंज कार्ड मागितलं. नवऱ्याने अभिमानाने सांगितलं की सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात, क्रमाने लावलेली आहेत. फाइल कुठे आहे? फाइल डिकीत, कुकरच्या खाली. कुकर कांद्यांच्या खाली. कांदे छत्र्यांच्या खाली. आखाती देशांच्या सीमेवर, पंचेचाळीस अंशांत, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना माझा संसार एकेक करून डांबरावर मांडला गेला. अधिकारी भला माणूस होता. त्याने छत्री हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "सलाला?" आम्ही मान हलवली. तो हसला. का हसला, ते तेव्हा कळलं नाही.

ओमानमध्ये शिरल्यावर नव्या हिशोबाला सुरुवात झाली. परदेशी राहणारा मराठी माणूस कितीही वर्षं राहिला तरी पाण्याची बाटली रुपयांतच विकत घेतो. दुबईत एका गुणाकारात भागतं. इथे ओमानी रियाल, त्याचे हजार बैसा, रियालचे दिऱ्हम, दिऱ्हमचे रुपये. हा बैसा म्हणजे आपल्या पैशाचाच भाऊबंद. १९७० पर्यंत इथे आखाती रुपया चालायचा. तेव्हा आले असते तर हिशोब सोपा गेला असता, असं मी म्हटलं. "तेव्हा रस्ता नव्हता," नवरा म्हणाला.

आता रस्ता आहे आणि त्यात दुसरं काहीच नाही. आदम गाव मागे पडलं की पुढे थुमरैतपर्यंत शेकडो किलोमीटर सरळ रेघ. स्टिअरिंग हे त्या रस्त्यावर शोभेची वस्तू आहे. पहिला उंट दिसला तेव्हा गाडी थांबवून बावीस फोटो काढले. चाळिसाव्या उंटाला कुणी मान वळवून बघितलं नाही. त्यानेही आमच्याकडे बघितलं नाही.

"आलं का?" धाकट्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही अजून दुबईतच, दुसऱ्या सिग्नलला होतो. त्यानंतर त्याने किती वेळा विचारलं हे सांगता येणार नाही, पण थोरलीने चौथीतल्या मुलीला शोभेल अशा काटेकोरपणे वहीत रेघा मारायला घेतल्या होत्या आणि आदमच्या पुढे पान उलटलं होतं. टॅबवर कार्टून भरून ठेवायचं काम नवऱ्याचं. त्याने भरलं होतं. एक भाग, अकरा मिनिटांचा. वाळवंटात नेटवर्क नाही. त्या भागातल्या सशाचं गाजर हरवतं आणि शेवटी त्याच्याच टोपीत सापडतं. ते एकोणतीस वेळा हरवलं. तिसाव्या वेळी नवऱ्याने समोर बघतच सांगितलं, "टोपीत बघ रे, टोपीत!"

साठ पुऱ्यांपैकी दोन खपल्या. मुलांना पेट्रोलपंपावर आखातातला राष्ट्रीय पदार्थ सापडला: परोट्यावर चीज फासून त्यात 'चिप्स ओमान'चा चुरा गुंडाळायचा. मी म्हटलं, असलं पोटात घालू नका. तिसऱ्या पंपावर मी दोन घेतले. मला एकटीला.

आता त्या विषयाकडे यावंच लागतं. धाकट्याला शी नेहमी पेट्रोलपंप सोडल्यावर दहा किलोमीटरवर लागते. पंपावर विचारलं तर "नाही," असं ठणकावून सांगतो. आमच्या उजव्या हाताला रुब अल खाली पसरलेलं. साडेसहा लाख चौरस किलोमीटर वाळवंट. दोन महाराष्ट्र त्यात मावून वर थोडी जागा उरेल. आणि एवढ्या मुलखात आडोसा म्हणून एक झुडूप नाही. कोकणातल्या माणसाला आडोशाचं महत्त्व कधी कळत नाही, कारण तिथे आडोसाच आडोसा असतो, मोकळं शोधावं लागतं. शेवटी चार छत्र्या उघडून वाळूत गोल उभ्या केल्या. घेतल्याचं सार्थक झालं. बाजूने जाणाऱ्या एका ट्रकने लांब हॉर्न दिला. सलामी म्हणून असावा.

या सगळ्यात नवऱ्याचं इतिहासकथन चालू होतं. हमरस्त्यापासून आत कुठेतरी मुक्शिन नावाचं गाव आहे. १९४६ साली विल्फ्रेड थेसिजर नावाचा इंग्रज सलालाहून निघाला आणि त्या गावावरून, बेदुइन सोबत्यांबरोबर, उंटांवरून, उपाशीतापाशी हे वाळवंट पार करून गेला.

"त्याच्याबरोबर मुलं होती?" मी विचारलं.

"नाही."

"मग त्यात काय विशेष!"

हैमा गाव येईपर्यंत अंधार पडला. एक्सेल शीटप्रमाणे आम्ही यावेळी सलालाच्या समुद्रावर होतो. प्रत्यक्षात निम्मीच वाट झाली होती. महामार्गावरच्या एका विश्रामगृहात एक खोली मिळाली, एसीचा आवाज बोईंगसारखा. मुलांना काहीतरी चांगलं दाखवल्याचं समाधान हवं म्हणून नवऱ्याने फोनवर वाचून दाखवलं की इथून जवळच अरबी ओरिक्स हरणांचं अभयारण्य आहे, १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं. थोरली उठून बसली. "उद्या बघायचं?" नवऱ्याने पुढची ओळ वाचली. २००७ साली ते यादीतून काढलं. यादीतून काढलं गेलेलं जगातलं पहिलं ठिकाण.

"मग आता तिथे काय आहे?"

"झोप आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी थुमरैत मागे पडलं. गाडीच्या काट्यावर बाहेरचं तापमान ४३. खडकाळ, भुरकट, सूर्य डोक्यावर. मग रस्ता डोंगराच्या कडेला आला आणि समोर एक पांढरी भिंत उभी. गाडी तिच्यात शिरली. ३८. ३३. २९. नवरा आकडे मोठ्याने वाचत होता, लिलाव उलटा चालल्यासारखे. २५ वर त्याने एसी बंद केला आणि काच खाली केली. ओल्या मातीचा आणि गवताचा वास आत आला. आम्ही दोघं एकदम गप्प झालो. मला तर घशाशी काहीतरी आलं.

धाकट्यालाही आलं. वळणांवर सुरुवात झालीच होती. परोटा, चीज, चिप्स, सगळं. आलेपाकाची वडी होती, पण ती फाइलच्या खाली.

धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त प्रत्येक गाडीचे चारही दिवे लुकलुकत होते. पाच किलोमीटरच्या वेगाने सगळं अरबस्तान डोंगर उतरत होतं. घामेजल्या हाताने स्टिअरिंग धरून नवरा म्हणाला, "अगदी आंबा घाट!" आणि मी म्हटलं, "कुंभार्ली." त्यावरून सलाला येईपर्यंत अबोला.

राहायची जागा जाहिरातीत 'समुद्रदर्शनी' होती. खिडकी उघडली तर बाहेर दूध ओतल्यासारखं धुकं. केअरटेकर केरळचा. त्याने बोटाने दाखवलं, "समुद्र उधर है, मॅडम." कधी दिसतो? "सप्टेंबर में." रात्री बाथरूमच्या छतातून टप टप सुरू झालं. तक्रार करायला उठलेला नवरा दारातच थांबला, खाली बादली सरकवली आणि परत येऊन आडवा झाला. खूप दिवसांनी त्याला इतकी गाढ झोप लागली.

सकाळी आम्ही रेनकोट, छत्र्या असा जामानिमा करून पाऊस बघायला बाहेर पडलो. इत्तीनच्या डोंगरावर गाड्याच गाड्या, आणि मोकळ्या हिरवळीवर सतरंज्या टाकून सहकुटुंब बसलेली माणसं. भुरभुर चालू. एकाच्याही डोक्यावर काही नाही. म्हातारीकोतारी, तान्ही बाळं, सगळी तोंड वर करून मजेत भिजताहेत. कारण भिजायलाच तर आले होते. मी छत्री उघडली. आजूबाजूच्या सगळ्या सतरंज्या माझ्याकडे बघायला लागल्या. पंगतीत बसून 'माझा उपास आहे' म्हणणाऱ्या बाईकडे बघतात तसं. सीमेवरचा अधिकारी का हसला, ते मला तिथे कळलं.

खरं तर याला पाऊस म्हणायला कोकणी माणसाची जीभ रेटत नाही. सलालाचा वर्षभराचा पाऊस जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. रत्नागिरीला वर्षाला तीन हजारांच्या वर होतो. सलालाएवढा तर आमच्याकडे एका रात्रीत, लाइट गेलेले असताना, सहज होऊन जातो. इथे उन्हाळ्यात खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं, ढग खालीच राहतात, डोंगरात अडकतात आणि नुसते पाझरतात. स्प्रे मारल्यासारखं. पण त्या स्प्रेवर डोंगर असे हिरवे झाले होते आणि त्यावर गाई चरत होत्या. उंट नव्हेत, गाई. नवरा एका गाईजवळ जाऊन "हंऽऽ हंऽऽ" करायला लागला. तिने मराठीला प्रतिसाद दिला नाही.

रस्त्याच्या कडेला नारळ, केळी, पपयांचे ठेले. एक शहाळं अर्धा रियाल. मी मनातल्या मनात दोन्ही गुणाकार केले आणि शंभराच्या वर गेल्याचं जाहीर केलं. "घरी बागेत पडून असतात," नवरा म्हणाला आणि चार घेतली. चहाच्या टपरीवरचा माणूसही केरळचा. करक चहा देत आपुलकीने म्हणाला, "बिलकुल हमारा केरला है ना?"

"कोकण है," नवरा म्हणाला.

"कोंकण? वो किधर?"

"केरला जाते हैं तो बीच में आता है. कोकण रेल्वे."

"अच्छा, वो! उधर तो रात में निकलता है ट्रेन. हम सोता है."

नवऱ्याने चहा अर्धा टाकला.

मिरबातच्या रस्त्यावर एक जागा आहे जिथे गाडी न्यूट्रलला टाकली की चढावर आपोआप चढते. म्हणजे तसं दिसतं. सगळं जग हसतखेळत व्हिडिओ काढतं आणि पुढे जातं. आमच्या इंजिनियरने फोनवर लेव्हल मोजायचं ॲप काढलं आणि रस्त्यावर आडवा झाला. मागे सहा गाड्या. "हा उतारच आहे! डोळ्यांना फसवतोय!" तो मागच्या प्रत्येक काचेपाशी जाऊन सांगायला लागला. एका गाडीतले सौदी आजोबा त्याला सहानुभूतीने म्हणाले, "माय फ्रेंड, जिन्न." त्यांच्या गाडीतली मुलं आनंदाने किंचाळली. आमची दोन्ही मुलं त्या गाडीकडे हेव्याने बघत होती.

सलालातल्या तिसऱ्या दिवशी मी बेसन काढलं. कारण पाऊस आहे आणि कांदाभजी नाही, हे माझ्या बुद्धीला झेपत नाही. त्यासाठी तर शेगडी वाहून आणली होती. इत्तीनच्या हिरवळीवर, उघड्या डिकीच्या आडोशाला, मी कांदा चिरायला बसले. ओवा चुरडला, तिखट-मीठ लावून कांद्याला पाणी सुटू दिलं, मग बसेल तेवढंच बेसन. तयारी देवरुखी, वारा धोफारी. शेगडी पेटवली की विझे. पेटवली की विझे. शेवटी चारही जणांनी चार छत्र्या उघडल्या आणि आम्ही स्वतः भिजत शेगडीला कोरडं ठेवलं. तेल तापायला पंचवीस मिनिटं लागली. पहिली भजी सोडली आणि चर्रर आवाज आला तेव्हा शेजारच्या तीन सतरंज्यांनी माना वळवल्या. या वेळी नजर वेगळी होती.

पहिला घाणा आम्हाला मिळालाच नाही. बाजूच्या कुटुंबातली एक आजी, कालच्या आजोबांच्या वयाची, कहव्याचा थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन सरळ आमच्यात येऊन बसली. भजं उचललं, फुंकलं, खाल्लं. "पकोरा!" मग "झैन, झैन," म्हणत दुसरं, तिसरं. मग तिची सून आली, सुनेच्या बहिणी आल्या, सात मुलं आली. दोन किलो कांद्यांचा फडशा पडला. आमच्या वाट्याला कढईतला चुरा आला. उरलेल्या अठ्ठावन पुऱ्याही गेल्या, लसणाच्या चटणीसकट. धाकटा खजूर खात त्यांच्या मुलांत मिसळून चिखलात लोळत होता आणि तासभर त्याने "आलं का?" विचारलं नव्हतं. थोरलीच्या वहीत तशी नोंद आहे.

तेवढ्यात रेंज आली म्हणून नवऱ्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. फोन गोल फिरवून सगळं दाखवलं. हिरवे डोंगर, धुकं, गाई, खालून वाहणारा ओहोळ.

"बघ आई, सलाला!"

सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं. "हे तर आपल्या गोठ्यामागचं," त्या म्हणाल्या. "पऱ्यापण तसाच. त्यासाठी बाराशे किलोमीटर गेलात?"

नवऱ्याला काय बोलावं सुचेना. "आई, इथे पाऊस जरा कमी असतो," तो म्हणाला.

"मग इथला थोडा घेऊन जायचा होतात," सासूबाई म्हणाल्या. "माजघरात आता तीन ठिकाणी गळतंय."

परतीचं सांगत नाही. ससा तोच, गाजर तेच, टोपी तीच.

घरी आल्यावर बॅग उघडली तर पाच दिवसांचे कपडे ओले, कारण सलालात काही वाळत नाही. सगळ्या घराला तो कुबट, चिपळूणच्या जुलैचा वास सुटला. नवऱ्याने बॅगेत डोकं घालून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "राहू दे ना दोन दिवस असेच." मी ऐकलं नाही. बाहेरून दिसू नयेत म्हणून गॅलरीच्या कठड्याखाली, खाली वाकून, सगळे वाळत घातले. वीस मिनिटांत कडकडीत वाळले.